हळदीच्या फोटोत सोनाजी

"आला! सोनाजी आला!"

जवळा बाजारातल्या विश्वंभरच्या फोटो स्टुडिओत एकच गलका उडाला. नव्या सुनेच्या, कोमलच्या हळदीचे फोटो बघायला सगळं घर जमलेलं. आणि पडद्यावर कोमलच्या जागी दिसले गावातले नुकतेच वारलेले सोनाजी, तसबिरीला हार घातलेले! पुढचा फोटो, तरी सोनाजीच.

गर्दीतून भूत उतरवणारे संतराम महाराज पुढे घुसले. "मेलेला हिच्या अंगात शिरला! डागल्याबिगर निघायचा न्हाई. चिमटा तापवा रे!"

आणि शेजारच्या हॉटेलाच्या भट्टीत चिमटा गेलासुद्धा! बाईला डागायचं म्हटलं की सरपण कमी पडत नाही.

कोमलने सासूकडे पाहिलं. कालपर्यंत लेकीसारखा जीव लावणारी सासू, आशाबाई, चार हात लांब सरकली होती. पळावं तर दारात माणसंच माणसं.

"भाऊ," तिने कसंबसं विश्वंभरला विचारलं, "फोटो कम्प्युटरात कसे घातले?" लग्नाआधी ती हिंगोलीत कम्प्युटर शिकवायची.

"हुकूम, म्हंजे कमांड टाईप करून, ताई. आधी तुमचं कॅमेऱ्यातलं कार्ड, मंग सोनाजीच्या तेरवीचं. एकाच फोल्डरात."

"दोन्ही कार्डांत फोटोंचे नंबर एकपासूनच ना?"

"व्हय की!"

कोमलने आशाबाईंचा आणि महाराजांचा फोटो काढायला लावला. दोन फोल्डर, दोन्ही फोटोंना एकच नाव. हुकूम टाईप करताना एक अक्षर दोनदा चुकलं. "आत्याबाई, हुकमात हे ‘-n’ लावलं की जुन्या फोटोला धक्का लागत न्हाई." महाराजांचा फोटो आशाबाईंच्या फोल्डरात कॉपी केला. उघडून पाहिलं, तर आशाबाईच!

"आता ‘-n’ काढलं, भाऊंनी केलं तसं. एकाच नावाचा नवा फोटो जुन्याच्या जागी बसतो." पुन्हा तोच हुकूम. आशाबाई गायब, तिथं दाढीवाले महाराज!

"अगं बया!" आशाबाई ओरडल्या.

"महाराज, तुमी आत्याबाईच्या अंगात शिरलात? तुमी तर जिते हाव!" कोमलने विचारलं.

लोक खो खो हसले. महाराज गर्दीतून मागच्या मागे सटकले. विश्वंभरने कोमलचं कार्ड नव्या फोल्डरात उतरवलं. हळदीचे सगळे फोटो जसेच्या तसे निघाले.

आशाबाईंनी सुनेला पोटाशी धरलं. कोमल बोलली, सगळ्यांना ऐकू जाईल असं :

"फोटो बदलला तर फोटोवाल्याला इचारा. सुनेला काहून डागता?"