ब्लॉक बोलला का?

हातोडी पडली आणि व्हर्लिन होकने सवयीप्रमाणे ब्लॉककडे न बघता माणसांच्या तोंडाकडे पाहिलं.

साखळीला टांगलेला इंजिनाचा ब्लॉक, सिलिंडर ज्यात असतात तो ओतीव लोखंडी ठोकळा, हळूच झुलत होता. एरवी समोर मार्लिस उभी असायची, त्याची मुलगी. लोखंड खणखणीत वाजलं की तिच्या भुवया नकळत वर जायच्या, बद्द वाजलं की ओठाचं एक टोक खाली यायचं. गेली दोन वर्षं व्हर्लिनचा कान तिच्या चेहऱ्यावर राहायला गेला होता. पण आज ती पाठ करून उभी होती. ब्लॉक केंटच्या गाडीतला होता, तिच्या गेलेल्या भावाच्या. उरला ओथो प्रुइट, निवृत्त बसड्रायव्हर. आणि ओथोच्या तोंडात डोनट असला की त्या चेहऱ्यावरून जगबुडीचीही बातमी कळत नाही.

"काय रे म्हाताऱ्या, बोलला का?" ओथोने साखर उडवत विचारलं.

"बोलला," व्हर्लिन म्हणाला.

झालं. मडकं घेताना वाजवून घ्यावं, तसा मन्सी गावाच्या आसपासच्या चार परगण्यांत इंजिनाचा ब्लॉक व्हर्लिनकडून वाजवून घ्यायचा रिवाज होता. आणि त्याने एकदा 'बोलला' म्हटल्यावर पुन्हा तपासणं म्हणजे पाद्र्याने आशीर्वाद दिल्यावर पावती मागण्यासारखं. त्याच्या कानाच्या गोष्टी काय थोड्या होत्या! ओहायोतल्या एकाने म्हणे ब्लॉक फोनजवळ धरून वाजवला, तर व्हर्लिन इकडून म्हणाला, "तिसऱ्या सिलिंडरखाली तडा आहे, आणि तुझ्या बायकोचा कांदा करपतोय." दोन्ही खरं निघालं. सोमवारी ओतलेलं लोखंड जांभई देतं, हे त्यानेच शोधून काढलं. चर्चच्या घंटेला चीर गेल्याचं तर त्याने स्वतःच्या लग्नात, 'हो' म्हणायच्या आधी जाहीर केलं होतं. पाद्री अजून रागावलेला आहे, आणि पाद्र्याला मरून जमाना झाला.

असा तो कान. माणसांचं बोलणं त्याला अजून ऐकू येई. गेला होता तो वरचा बारीक सूर, लोखंडाचा जीव ज्यात असतो तो. पहिल्यांदा चिमण्या गप्प झाल्या. व्हर्लिनला वाटलं, यंदा चिमण्याच कमी आल्या.

"मुरलेलं लोखंड आहे," ओथो उठता उठता म्हणाला. "इतकी वर्षं तापलंय, निवलंय. असल्या ब्लॉकला मरण नाही. पोरी, दुप्पट ताकद काढ याच्यातून! केंट म्हणायचाच ना."

"काढणारच," मार्लिस म्हणाली. "पहिली चक्कर तुझ्या घरावरून. पडदे सांभाळ, ओथो."

ती हसली. केंट गेल्यापासून ती अशी हसली नव्हती.

दुप्पट ताकद म्हणजे काय, हे व्हर्लिनला कुणी सांगायला नको होतं. मोठे पिस्टन बसवायला सिलिंडर आतून तासायचे. म्हणजे भिंती आधीच पातळ होणार, आणि वर मार दुप्पट. भिंतीत केसाएवढा तडा असला तर ती भरवेगात फुटते, पाणी आत शिरतं, इंजिन जागच्या जागी अडकून बसतं, मागची चाकं जाम होतात. रस्त्यावर, आणि आत मार्लिस. बद्द ब्लॉक आणि चांगला ब्लॉक, त्याच्या कानाला दोन्ही सारखेच लाकडी. त्याने 'बोलला' म्हटलं होतं ते फक्त जिभेला वळण पडलं होतं म्हणून.

मार्लिसने ब्लॉक तासायच्या मशीनवर चढवला. पाना घेऊन ती बोल्ट आवळू लागली. व्हर्लिन दोनदा जवळ गेला, दोनदा कॉफीकडे परतला. तिसऱ्या वेळी कॉफीच संपली होती.

"थांब," तो म्हणाला. "चुंबक आणि भुकटी काढ."

"तुझ्या 'बोलला'नंतर? ओथोला कळलं तर गावभर दवंडी पिटेल."

"मला ऐकू आलं नाही."

"काय?"

"बघ. आता तुलाही येत नाही."

ती हसायला गेली आणि मध्येच थांबली. पाना खाली ठेवला.

"कधीपासून, डॅड?"

"झाली दोन वर्षं."

"आणि एवढे ब्लॉक गेले इथून? लोकांच्या गाड्यांत? ते कुणी तपासले?"

"तू," व्हर्लिन म्हणाला. "तुझ्या भुवया फार चांगल्या वाजतात."

मार्लिस शिव्या देईल असं त्याला वाटलं. दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. तिने ब्लॉक पुन्हा साखळीला टांगला. व्हर्लिनने हातोडी पुढे केली. त्याच्या बापाची हातोडी. दांड्यावर दोन पिढ्यांच्या अंगठ्यांचा खळगा.

"या वेळी पाठ करू नकोस," तो म्हणाला.

तिने मारली. व्हर्लिनच्या जगात काहीच झालं नाही. मग तिच्या ओठाचं एक टोक खाली आलं.

चुंबक लावून लोखंडाची भुकटी टाकली, ती तड्यावर गोळा झाली आणि पाचव्या सिलिंडरच्या भिंतीत खालच्या अंगाला एक काळी रेघ उठली. थंडीचा तडा. आत राहिलेलं पाणी गोठलं की लोखंड असंच चिरतं. केंट इस्पितळात होता त्या हिवाळ्यात गाडी बाहेरच उभी होती, आणि तिच्यातलं पाणी काढायचं घरात कुणालाच सुचलं नव्हतं. दोघांनाही ते एकदमच आठवलं. मार्लिसने रेघ अंगठ्याने पुसली. भुकटी पुन्हा पडली, रेघ पुन्हा उठली.

पुढच्या शनिवारी केंटुकीहून एकजण आला, पिकअपमध्ये घोंगडीत गुंडाळलेला ब्लॉक घेऊन. दाराशी केंटची लाल गाडी उघड्या, रिकाम्या तोंडाने उभी होती. तिला वळसा घालून तो आत आला.

"होकसाहेब, तुमच्या कानाचं नाव ऐकून आलोय. ती फोनवरची गोष्ट खरी का हो?"

"कांद्याचं खरं आहे," ओथो कोपऱ्यातून म्हणाला.

मार्लिसने हातोडी घेतली. व्हर्लिनने बघितलं, ती मुद्दाम खिडकीकडे तोंड करून, उजेड चेहऱ्यावर पडेल अशी उभी राहिली होती. हातोडी पडली. तिच्या भुवया वर गेल्या. आज जरा जास्तच, म्हाताऱ्याला लांबून दिसाव्यात एवढ्या.

"बोलला का?" पाहुण्याने श्वास रोखून विचारलं.

ओथोने डोनट तोंडापर्यंत नेऊन तसाच धरला.

"तिला विचारा," व्हर्लिन म्हणाला. "इथे ऐकायचं काम ती करते."

आणि पुढे होऊन त्याने ब्लॉकवर तळहात टेकला. लोखंड अजून थरथरत होतं. ते पुरतं थांबेपर्यंत त्याने हात काढला नाही.