रंगाच्या कोठीतला घोडा

मित्रांनो, मी एक जुना लाकडी घोडा आहे. शर्यतीचा नव्हे, उंचावरचं सामान काढायला ज्याच्यावर चढतात, तो. सुताराने मला रंगाच्या दुकानासाठी बनवलं. तिथे मागच्या कोठीत दोघी जावा काम करायच्या. एक चढायची, दुसरी मला धरायची. "हा आहे म्हणून आपली हाडं शाबूत आहेत," थोरली म्हणायची. ऐकून मला धन्य वाटायचं.

मग नवा मॅनेजर आला. त्याने मला दर्शनी काचेआड उभं केलं आणि माझ्या पायऱ्यांवर ब्रश मांडले. कोठीत मात्र भरलेले डबे छतापर्यंत रचायला लावले. धाकटीने मला दोनदा परत मागितलं.

"शोभेची वस्तू आहे ती," तो म्हणाला. "मांडणीवर पाय देऊन चढ."

ती चढली. मांडणी हलली आणि वरचा डबा तिच्या खांद्यावर कोसळला. काचेआडून मी फक्त किंकाळी ऐकली. हाड जुळलं, पण हात खांद्याच्या वर जाईना. लेकीची वेणीसुद्धा आता थोरली घालते. "तिचंच लक्ष नव्हतं," असं मॅनेजरने मालकांना सांगितलं आणि मालकांनी तिला घरी बसवलं.

हा माणूस एकदा माझ्यावर चढू दे, एवढंच मी घोकत राहिलो.

आणि तो चढला. गिऱ्हाइकाला वरचाच डबा हवा होता आणि थोरलीने चढायला साफ नकार दिला होता. मला कोठीत आणलं. थोरलीने मला धरलं. तो टोकाला पोचला, डबा छातीशी घेतला, आणि मी जीव खाऊन करकरलो.

"घट्ट धर गं!"

"धरलंय. पण लक्ष काय, माझंही नसतं कधीकधी. धाकटीने घोडा मागितला होता का?"

"आधी खाली येऊ दे!"

"मागितला होता का?"

"हो! दोनदा! मीच नाही दिला!"

उशीर का होतोय ते बघायला आलेले मालक दारातच थबकले. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

माझा एक पाय सरकतच होता. थोरलीने गुडघा टेकवून तो दाबून धरला. "गप उभा राहा," ती माझ्यावर खेकसली.

मॅनेजरची नोकरी गेली. धाकटी आता गल्ल्यावर बसते. हात मात्र अजून वर जात नाही.

मित्रांनो, जड सामान खालीच ठेवा. कुणी घोडा मागितला, तर लगेच द्या. आणि माझ्यासाठी एवढंच मागा, की त्या माणसाने एकदा तरी परत यावं, आणि त्या दिवशी थोरली रजेवर असावी.