सौंसरचा समुद्र

मालवणच्या सर्फिंगच्या शाळेत चार महिने काय राहिली, प्रणालीची जीभच पालटली. सुट्टीत गावी, सौंसरले, आली तं चहा पिऊन 'स्टोक्ड', म्हणजे लय खूश, अन् बापाले 'ड्यूड'. बाप बिचारा उठून संत्र्याच्या बगीच्यात जाऊन बसला.

पोरीचा जीव मात्र टांगलेला होता. शाळेत शिकवणाऱ्याची कायमची जागा एकच. मालकीण शोभाताईनं सांगतलं होतं का, नव्या लोकाइले फळीवर उभं राहाले कसं शिकवशीन, त्याचा व्हिडिओ धाड, मंग ठरवू. प्रणालीनं बगीच्यात गुराइच्या कोठ्याचं जुनं दार फळी म्हणून आडवं टाकलं अन् गोऱ्या सर्फरवानी नाकातून बोलत दोन व्हिडिओ धाडले. दोन्ही वापस आले. शोभाताईचं म्हणणं, हे ऐकून शिकणारा अजूनच भेते. आता शेवटचा.

आजी, अंबाबाई, बाजेवरून पाहून राहिली होती. अर्ध्या गावाले विहिरीत पोहणं तिनंच शिकवलेलं, कमरेले दोर बांधून, काठावरून हाका देत. ती म्हणे, ही समुद्राची बोली मुळात आपलीच. कन्हान नदीच्या पुरात तुया आजा याच दारावर बसून थेट समुद्रात गेला, अन् तिथल्या पोट्ट्याइले बोलणं शिकवून आला.

"आजी, कन्हानचं पाणी तं दुसऱ्या समुद्रात जाते. मालवण इकडं."

"मंग येताना रस्ता चुकला असन. बाजाराले गेला तरी चुकेच तो."

अन् लुगडं खोचून आजी स्वतःच दारावर चढली. मोबाईल सुरूच होता. पायाकडं पाहत म्हातारी अशी डुलली का, प्रणालीच्या तोंडून आजीचंच विहिरीच्या काठावरचं बोलणं निघालं.

"गुडघे वाकव ना व! खाली काऊन पाहून राहिली? समोर पाह्य. सोड भेव!"

आजी हात पसरून थांबली, जशी लाटेवरच. व्हिडिओ वाया गेला म्हणून प्रणालीचं तोंड उतरलं, पण आजीनं हट्टानं तोच धाडाले लावला. दोन दिवसांनी शोभाताईचा फोन आला. शिकवताना असंच बोलजो म्हणे, जागा प्रणालीची.

पुढच्या हंगामात मालवणच्या लाटेवर एक केरळचा पोट्टा आपल्या दोस्तावर ओरडला, "सोड भेव!" सूरही अगदी विहिरीच्या काठावरचा. प्रणालीनं विचारलं, हे कुठं शिकला? तो ऐटीत म्हणे, सर्फर लोकांचा जुना बोल आहे, हवाईकडून आलेला.

प्रणालीनं फळी काखेत मारली.

"हवाईचा नाही, दादा, सौंसरचा. माया आजानं आणला होता, कोठ्याच्या दारावर बसून. येताना थोडा रस्ता चुकला, एवढंच."