दोन शिक्के

काडेपेटीचा कोपरा कंबरेला टोचत होता. सकाळी कनवटीला खोचलेली, ती अजून तिथेच—आणि चंद्रभागा मात्र शाळेच्या व्हरांड्यात, मतदानाच्या रांगेत. खरं तर राब भाजूनच इकडे यायचं होतं. भाताच्या रोपाच्या वाफ्यावर डोंगरातून छाटून आणलेला टाहाळ, शेण, पालापाचोळा, सगळं थरावर थर रचून झालेलं. फक्त काडी लावायची. काडी हातात घेतली आणि सहदेव आठवला.

सहदेव तिचा धाकटा दीर, यंदा पंचायतीला उभा. परवाच्या सभेत तो म्हणाला होता, "डोंगर आपनच बोडका केला. पाच वरसं राबासाठी झाडं तोडू नका. पानी वरच मुरंल, मग ओढा घरात येनार नाय." चंद्रभागेने मान हलवली. खरंच होतं ते. दुसऱ्या दिवशी आबाजी बोलायला उभा राहिला, सहदेवच्या विरोधातला. त्याचं म्हणणं, ओढ्याला दगडी भिंत घालू. "झाडं वाढंपातूर तुमी काय पोरं घिऊन माळ्यावर बसनार?" तिने पुन्हा मान हलवली. तेही खरं... कसली बाई आहे मी, जो बोलेल त्याचं पटतं!

गेल्या श्रावणात ती माळ्यावर बसलीच होती, लहानग्या हिरूला पोटाशी धरून. खाली काळोखात, घरात शिरलेल्या पाण्यात भांडी एकमेकांवर आपटत होती, आणि आपलं घर जाऊ शकतं हे तिला तेव्हा पहिल्यांदा कळलं. भीती वाटली होती, फार भीती. पूर्वी पाऊस दिवसदिवस रिपरिपायचा म्हणे. आता एकदाच सगळा ओतून मोकळा होतो. पाऊस बदलला की डोंगर? भिंत झाली तर घर वाचेल—पण मग पाणी पलीकडच्या काठाला, पुतळाबाईच्या दारात शिरेल. पुतळाबाई रांगेत तिच्या पुढेच उभी होती, पदराने वारा घेत. आणि झाडं तोडली नाहीत तर पुढच्या साली रोप कशावर करायचं? सहदेव म्हणतो, पिशवीतलं खत टाका. त्याने रोप पिवळं पडलं तर वर्षभर खायचं काय, हे नाही सांगत तो.

खालापूरहून आलेल्या मास्तरांनी तिच्या बोटाला शाई लावली, कागद दिला. कापडाच्या आडोशाला ती एकटी. सहदेवची शिडी, आबाजीचा कंदील. गेल्या खेपेला वॉर्डात दोन जागा होत्या, दोन शिक्के मारायचे होते. हाताला तेच आठवत होतं. तिने शिडीवर शिक्का मारला. मग कंदिलावर. पेटीत कागद टाकताना सकाळपासून पहिल्यांदा तिला हलकं वाटलं.

बाहेर चिंचेखाली पुतळाबाई थांबली होती. "कुनाला दिलंस गं?"

"दोघांनाबी."

"अगं बया! यंदा येकच जागा हाय. तुजं मत बाद झालं की."

"म्हंजे?"

"म्हंजे कुनालाच नाय." पुतळाबाई हसली, मग गंभीर झाली. "मी आबाजीला दिलं बग. आमच्या काठाला भिंत घालनार म्हनलाय."

आमच्या काठाला... आणि मला म्हणाला होता, तुमच्या काठाला. की दोन्हीकडे घालणार? दोन्हीकडे घातली तर पाणी जाणार कुठे? की तो नुसताच 'काठाला' म्हणाला आणि आम्ही दोघींनी आपापला काठ धरला? चंद्रभागेच्या ओठांवर आलं होतं, पण पुतळाबाईच्या चेहऱ्यावर किती दिवसांनी निर्धास्तपणा दिसत होता. चंद्रभागेने पदर सावरला आणि घरची वाट धरली.

संध्याकाळी वारा पडला. ती वाफ्याशी आली. ओढा कोरडा, वर कड्यापर्यंत डोंगर उघडा. सगळं तिथे होतं तसंच होतं. मला भिंत हवी होती, डोंगरही हवा होता, पुतळाबाईचं घरही राहायला हवं होतं. यात बाद होण्यासारखं काय होतं? तिला राग आला, कुणाचा ते कळेना.

तिने काडेपेटी काढली. राब पेटवायचा, नाहीतर नाही. इथे दोन शिक्के मारता येणार नव्हते, आणि बादही कुणी करणार नव्हतं. ती काडी बोटांत धरून उभी राहिली.