डाळिंबाच्या सालींचा अर्क

चिमीने मायक्रोस्कोपवरून डोळे काढले, चष्मा पुसला आणि पुन्हा बघितलं. निरोगी यकृताच्या पेशीही मेल्या होत्या. एरवी डिशच्या तळाला चिकटून राहायच्या, त्या आता गोळा होऊन तरंगत होत्या.

डाळिंबाच्या सालींच्या याच अर्काने गेल्या महिन्यात कॅन्सरच्या पेशी मेल्या, तेव्हा ती हवेतच होती. कॅन्सरने आजारी असलेल्या दादाच्या घरी जाऊन जेवता जेवता सगळं सांगून मोकळी झाली होती. कितीतरी दिवसांनी त्या घरात कुणी हसलं होतं.

आणि काल वहिनी फोनवर म्हणाली होती, "तुझ्या सालींमुळे जेवण जातंय बघ त्यांना." चिमीला ती थट्टा वाटली होती. ती थट्टा नसेल तर? तिने फोन लावला. वहिनी उचलेना.

"कुठे निघालीस? अजून डिश बघायच्यात," प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम म्हणाल्या.

"दादाकडे," म्हणत ती जिन्यावर पोचलीसुद्धा.

दादाच्या स्वयंपाकघरात तुरट वास कोंडला होता. गॅसवरच्या पातेल्यात साली रटरटत होत्या.

"वहिनी, हे दादाला देतेस?"

"सकाळ-संध्याकाळ पेलाभर. तुझंच तर औषध."

"आणि दवाखान्याच्या गोळ्या?"

वहिनी कोरडा ओटा पुसत राहिली. "त्या घेतल्या की आतडी पिळवटून ओकतात गं. बघवत नाही. बंद केल्यात."

चिमीने गॅस बंद केला. "डिशमध्ये फिनाईल ओतलं तरी पेशी मरतात. म्हणून तेही पाजशील त्याला?"

वहिनीचा चेहरा उतरला. मग ती हळू आवाजात म्हणाली, "तर मग त्या दिवशी एवढं तोंड भरून कशाला सांगितलंस?"

चिमीने तोंड फिरवलं. दारात भिंतीला धरून दादा उभा होता.

"चिमे, तिला नको बोलूस. मीच मागितलं. निदान ते पोटात राहत होतं."

चिमीने त्याला खिडकीपाशी नेलं, खालची पापणी ओढून बघितली. डोळा पिवळसर होता. कावीळ असणार. तिने डॉक्टरांना फोन लावला, वहिनीने दादाच्या पायात चपला सरकवल्या.

दवाखान्यात रक्त घेतलं आणि रिपोर्ट येईपर्यंत तिघांचाही जीव टांगणीला लागला. वहिनी चिमीपासून एक खुर्ची सोडून बसली होती.

"यकृताला त्रास झालाय," डॉक्टर म्हणाले. "काढ्याने की आजाराने, छातीठोकपणे नाही सांगता येणार. काढा बंद. यकृत सावरलं की गोळ्या सुरू करू. पण थांबवल्या कशासाठी?"

चिमी बोलणार तोच वहिनी उठली आणि तिने उलट्यांचं सगळं पहिल्यांदाच सांगितलं.

"अहो, मग आधी का नाही बोललात? त्यावर औषध आहे."

"आजारी माणसाला एवढं सोसावंच लागतं, असं वाटलं," वहिनी म्हणाली आणि पदर तोंडाला लावून रडली. चिमीने तिच्या पाठीवर हात ठेवला. तिने तो झटकला नाही, पण वळूनही बघितलं नाही.

यकृत हळूहळू सावरलं, गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. उलट्या थांबल्या नाहीत, पण औषधाने सोसवतील इतक्यावर आल्या. प्रयोगशाळेत चिमी आता अर्कातला एकेक घटक वेगळा काढून तपासते. त्यातला एखादा निरोगी पेशींना सोडून देतो का, ते शोधते. अजून तसा मिळालेला नाही. दादा विचारतो, तेव्हा ती तेवढंच सांगते. वहिनी मात्र अजून तिच्याशी कामापुरतंच बोलते.