कप्तान आणि अध्यक्ष

सिंधूताईंच्या नवऱ्याला, प्रेमानंदरावांना, जहाजाच्या कप्तानानं केबिनमध्ये कोंडून दारावर पहारेकरी बसवला होता. सहलीला गेलेल्या या गृहस्थानं केबिनमध्ये विजेच्या शेगडीवर पापड भाजले आणि ती शेगडी जप्त करायला आलेल्या माणसाला ढकललं. चूक कबूल करून कागदावर सही केली तर ठीक, नाहीतर उद्या बंदरात पोलिसांच्या हवाली. आणि रविवारी इकडे नागपुरातल्या नंदनवन वस्तीत लेकीचा, मायाचा, साखरपुडा!

सकाळपासून त्यांचा हा तिसरा फोन होता.

"मी सही करत नाही वं! तू नगरसेवकाले फोन लाव."

"समुद्रात कोणता वार्ड येते त्याचा? तिथं कप्तानाचंच चालते."

"मी सोसायटीचा अध्यक्ष आहो!"

सिंधूताईंचं डोकं तडकलं. "शेजारच्या लहानूभाऊनं सोसायटीच्या गच्चीवर वांगी भाजली, तं तुमी गच्चीले कुलूप काहून ठोकलं?"

"आग लागली असती ना!"

"मंग तिथं काय नागपुरातून बंब येईन?"

पलीकडून फोन कटला. मग सही केलेल्या कागदाचा फोटो आला. नावाखाली ठळक अक्षरात लिहिलं होतं, 'अध्यक्ष'.

सिंधूताईंनी कपाळाला हात लावला. "माया, येऊन राहिले वं तुझे बाबा."