कोंडूने आकडी पुढे फिरवली

बसा हो. चहा उकळेस्तोवर डोळखांबकडच्या सकुबाईची गोष्ट सांगतो. हसू आलं तर हसा, पण मधेच उठू नका.

सकुबाई आरोग्य केंद्राच्या पायरीवर उभी, नि तिचा नवरा कोंडू रिक्षातून उतरायला तयार नाही.

"उतरता का खेचू?"

"आत बाई हाय गो."

"बाई नाय, नर्स हाय."

"कोनाची नर्स? आपल्या गावातल्या देवजीची पोर, रंभा. मला मामा म्हनते ती!"

झालं होतं असं. राबाला, म्हणजे भाताच्या रोपांची जागा भाजायला, फांद्या पाहिजेत म्हणून सकाळी कोंडू ऐनाच्या झाडावर चढला. कोयता अडकवायची लाकडी आकडी माणूस कमरेला मागे बांधतो. पण खोडाला टेकून तंबाखू मळताना पाठीला टोचते, म्हणून या शहाण्याने ती फिरवून पुढे घेतली. तंबाखू तोंडात, आकडी कोयत्यासकट पुढेच, नि खोडाला मिठी मारून गडी सरसर खाली. जिथे कापू नये तिथे कोयत्याने कापलं.

घरी काय सांगितलं? मांडीला खरचटलं. दगडीपाला चोळून भरला, वर लंगोट करकचून आवळला नि भिंतीकडे तोंड करून बसला. घरामागे लघवीला गेला नि बोंबलला, तेव्हा कुठे सकुबाईला कळलं.

रंभा बाहेर आली. "मामा, चला. पाला धुवून काढायला पायजे, नायतर पू धरंल."

"डॉक्टर कुठं हाय?"

"मुरबाडला मिटिंगला. निघालेत, येतील."

"मग तवा बघू. तू गोळी दे."

"गोळीनं रगत थांबतं काय? आतल्या अंडाला लागलं असंल तर शहापूरला न्यावं लागंल. बघितल्याबिगर कसं कळनार?"

कोंडूने रिक्षाचा दांडा घट्ट धरला. रिक्षावाला उगाच आरसा पुसायला लागला.

तेव्हा सकुबाईचं डोकं फिरलं. "शेखर झाला तवा मी खालून फाटले. सुईन म्हनली, आपसूक भरंल. वाकडंतिकडं भरलं. लघवीला आग, बसायला चोरी. शेखरला पोरं झाली, तरी मी अजून एका कुल्ल्यावरच बसते. कधी इचारलंत, सकू, वाकडी का बसतेस?"

कोंडूने दांड्यावरची पकड सैल केली. मग हळूच म्हणाला, "मला वाटलं कंबर धरली."

"कंबर! आयुष्यभर कंबर! मी पन बोलले नाय. लाजले. तुमच्यासारखीच येडी. उतरा आता!"

उतरला. पाय फाकवत आत गेला, टेबलावर आडवा झाला, लंगोट सोडला नि कमरेचा पंचा स्वतःच्या तोंडावर ओढून घेतला. म्हणजे कोणी ओळखायला नको! रंभाला हसू आलं, पण तिने ते गिळलं. तिने पाण्याची धार सोडून पाला काढला, स्वच्छ कापड लावून दाबून धरलं. रक्त थांबलं तशी वाकून बघितलं.

"आत नाय लागलं, मामा. पिशवीचं कातडंच फाटलंय."

डॉक्टर आले, बधिर करून टाके घातले, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. म्हणाले, जखम कोरडी ठेवा नि सध्या झाडावर चढू नका. सकुबाई उशाशी उभी राहून पुटपुटत होती, "एवढ्यासाठी दुपार घालवली. एवढ्यासाठी!"

डॉक्टर हात धुवायला गेले, तसा पंचाखालून आवाज आला. "रंभा."

"काय मामा?"

"माझं झालं. आता हिला बघ."

"मला? आता? ह्या वयात?" सकुबाई खेकसली.

"आताच, मामी," रंभा म्हणाली नि तिने पडदा ओढला. "बसा."

सकुबाई स्टुलावर टेकली. सवयीप्रमाणे एका कुल्ल्यावर.

चहा घ्या. नि एक काम करा माझं. घरी गेलात का बघा, कोण वाकडं बसतंय. कंबर म्हणून सोडून देऊ नका. विचारा.